चूक किती, तेही सांगा

१९१८ साली खेडा जिल्ह्यात जो लढा झाला, त्याची नोंद इतिहासात शेतकऱ्यांचा सत्याग्रह म्हणून आहे आणि ती योग्यच आहे. पण भांडणाचे मूळ शोधले तर ते एका आकड्यात सापडते. खेडा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले तर त्या वर्षीचा शेतसारा पूर्ण तहकूब व्हावा, असा नियम होता. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, चार आणे म्हणजे त्याचा पाव हिस्सा. सरकारी कागदावर पीक चार आण्यांच्या वर होते. शेतकरी म्हणत होते, खाली आहे. भारत सेवक समाजाच्या गोपाळ कृष्ण देवधर, नारायण मल्हार जोशी आणि अमृतलाल ठक्कर यांनी जाऊन चौकशी केली, पुढे गांधीजी आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. निष्पक्ष पंच नेमा, ही मागणी सरकारने मानली नाही. २२ मार्चला नडियादला सत्याग्रह सुरू झाला, जूनमध्ये तडजोड झाली. पीक नेमके किती आणे होते, ते मात्र शेवटपर्यंत ठरले नाही.

ठरणार तरी कसे? आणेवारी काढायची ती नजरेने. महसूल खात्याचा माणूस बांधावर उभा राही, पिकाकडे पाही आणि सांगे, सात आणे. त्या सात आण्यांना खात्याने ठरवलेल्या ‘सामान्य’ एकरी उत्पन्नाने गुणायचे, मग पेरणीक्षेत्राने गुणायचे, की जिल्ह्याचे धान्य तयार. रयतवारी मुलखात पेरणीक्षेत्राचा आकडा बरा असे, कारण प्रत्येक सर्व्हे नंबरची नोंद तलाठ्याकडे होती. गडबड होती ती आण्यांत. सारामाफी आण्यांवर अवलंबून असल्यामुळे शेतकऱ्याला आकडा खाली हवा आणि तिजोरीला वर. पाहणारा अगदी प्रामाणिक असला तरी सावधपणाची सवय त्याच्या नजरेत उतरतेच. चांगल्या वर्षी तो हात आखडता घेतो. ‘सामान्य’ पीक म्हणजे नेमके कोणते, याबद्दलही प्रांताप्रांतांत एकमत नव्हते.

या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष तिचा आकडा चुकतो हा नव्हताच. आकडे चुकतातच. सात आणे म्हणणाऱ्याला ‘सात म्हणजे सहा ते आठ, की चार ते दहा?’ असे विचारले तर त्याच्याजवळ उत्तर नसे, आणि उत्तर काढण्याचा मार्गही नसे. खेडा जिल्ह्यात दोन आकडे समोरासमोर उभे राहिले, आणि दोहोंपैकी कोणता किती विश्वासाचा, हे मोजणारी कोणतीही मोजपट्टी त्या वेळी कलेक्टरकडे नव्हती आणि गांधीजींकडेही नव्हती.

ती मोजपट्टी पुढच्या तीसएक वर्षांत तयार झाली, आणि तिचा बराच भाग हिंदुस्थानातल्या शेतांत तयार झाला. त्या कामात दोन माणसे आघाडीवर होती. एक कलकत्त्याचे, दुसरे सातारा जिल्ह्यातले. दोघांचे पटले नाही, हे वाचकांचे भाग्य म्हणायचे. कारण त्यांच्या भांडणातूनच विषय उलगडतो.

पण पहिले पाऊल एका गोऱ्या अधिकाऱ्याचे. जॉन हबॅक हे आयसीएसमधले. पुढे ते ओरिसाचे गव्हर्नर झाले. १९२३ ते १९२५ या काळात बिहार-ओरिसात भाताचे उत्पन्न काढताना त्यांनी एक साधी गोष्ट आग्रहाने मांडली: नमुन्याचा तुकडा माणसाने निवडायचा नाही. ‘सर्वसाधारण दिसणारे शेत निवडा’ असे सांगितले की प्रत्येकाच्या डोक्यातले ‘सर्वसाधारण’ वेगळे निघते. जागा चिठ्ठी टाकल्यासारखी, योगायोगाने ठरली पाहिजे. त्यांनी त्रिकोणी चौकट वापरून एकराच्या ३२०० व्या हिस्स्याएवढे, म्हणजे जेमतेम साडेतेरा चौरस फुटांचे भात कापून वजन केले. १९२७ साली पुशाच्या कृषिसंस्थेने हा अहवाल छापला. विख्यात सांख्यिक आर. ए. फिशर यांनी त्याची वाखाणणी केली. सरकारी दप्तरात मात्र तो बराच काळ पडून राहिला.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात एकाच आधणात, एकाच आचेवर शिजलेला असतो. कुठलेही शीत उचला, फरक नाही. शेतांचे तसे नसते. विहिरीजवळचा गहू वेगळा, माळावरचा वेगळा, आणि पाहणाऱ्याचे पाय रस्त्याकडेच्या शेताकडे आपसूक वळतात. चिठ्ठी टाकून जागा निवडली की माणसाच्या आवडीनिवडीला मधे जागा उरत नाही. शिवाय आणखी एक फायदा होतो, आणि तोच या सगळ्या शास्त्राचा पाया आहे. निवड योगायोगाने झाली असेल, तर चूक किती होऊ शकेल हेही योगायोगाच्या गणिताने सांगता येते. ज्या नमुन्यातून उत्तर निघाले, त्याच नमुन्यातून उत्तराची खात्रीही निघते.

त्याचा हिशेब असा. शंभर शेतांतून कापणी केली, सरासरी निघाली. शेताशेतांत उत्पन्न किती वरखाली होते तेही त्या शंभरांतच दिसते. त्या चढउताराला नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाने भागले की सरासरीची ‘प्रमाण त्रुटी’ मिळते. साधारण दोन प्रमाण त्रुटी खाली आणि दोन वर असा पट्टा आखला, तर अशा रीतीने आखलेल्या शंभरांपैकी सुमारे पंच्याण्णव पट्ट्यांत खरी सरासरी सापडेल. वर्गमुळामुळे एक कटू सत्यही समोर येते: पट्टा निम्मा करायचा तर नमुना चौपट लागतो. नमुना हजारांचा असला तर देशाची लोकसंख्या एक कोटी आहे की शंभर कोटी, याने जवळपास काहीच फरक पडत नाही. हे लोकांना आजही पटत नाही, आणि मंत्र्यांना तर तेव्हाही पटत नव्हते.

‘पट्टा’ ही कल्पना नेमक्या गणितात बसवली येर्झी नेमन या पोलिश गणितज्ञाने. १९३४ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचला. समजून-उमजून निवडलेला ‘प्रातिनिधिक’ नमुना आणि योगायोगाने निवडलेला नमुना यांत दुसराच का भरवशाचा, हे त्यात दाखवले होते. त्याच सुमारास ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. तिथे त्या वेळी एक मराठी तरुण शिकत होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, गाव सातारा जिल्ह्यातले बुध, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९३५ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, नेमन यांच्याच सिद्धान्ताला पुढे नेणारा त्यांचा निबंध छापून आला. प्रदेशाचे भाग पाडून प्रत्येकातून किती नमुने घ्यावेत हे ठरवायला त्या भागांतला चढउतार आधी माहीत असावा लागतो. तो माहीत नसला, आणि एका छोट्या प्राथमिक पाहणीतूनच काढावा लागला, तर काय बिघडते? बुधच्या या मुलाने प्रश्न अचूक हेरला होता. कागदावरचे सूत्र आणि शिवारातली अडचण यांच्यामधल्या फटीतच तो पुढे आयुष्यभर काम करणार होता.

इकडे कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ च्या अखेरीस भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती. ते प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. सांख्यिकीचा नाद केंब्रिजहून परतताना लागलेला. १९३७ मध्ये मध्यवर्ती ताग समितीने त्यांच्यापुढे बंगालच्या तागाचा प्रश्न ठेवला. तागाच्या गोण्यांवर कलकत्त्याच्या गिरण्या आणि डंडीचा व्यापार चालत असे. पीक किती येणार या आकड्यावर सट्टा खेळला जाई. आणि तो आकडा मिळवायला बंगालात माणूसच नव्हता.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाने एक फरक ध्यानात घ्यावा. बंगालात कायमधारा. जमीनदाराने ठरलेला सारा भरायचा, तो पिकाप्रमाणे बदलायचा नाही. त्यामुळे कोणत्या तुकड्यात काय पेरले आहे हे दरसाल टिपणारा तलाठी सरकारने तिथे ठेवलाच नाही. चौकीदाराकडून येणाऱ्या ऐकीव माहितीवर क्षेत्राचे आकडे उभे राहत. म्हणजे मुंबई इलाख्यात जे निम्मे काम आयते झालेले होते, तेही महालनोबीसना शून्यातून करायचे होते. पुढच्या वादात हा फरक फार महत्त्वाचा ठरला.

त्यांनी घाई केली नाही. १९३७ पासून दरवर्षी पाहणीचा पसारा थोडा वाढवत नेला आणि प्रत्येक वर्षी तागाबरोबर आणखी एक गोष्ट मोजली: पाहणीची स्वतःची चूक आणि तिचा खर्च. नकाशावर चौकोन टाकायचे, त्यातले काही यादृच्छिक, म्हणजे योगायोगाने आलेल्या, अंकांच्या मदतीने निवडायचे आणि त्या चौकोनांतला ताग टिपायचा. चौकोन एक एकराचा ठेवावा की चाळीसचा? चौकोन थोडे आणि मोठे, की पुष्कळ आणि लहान? लहान चौकोन जास्त घेतले तर चूक घटते, पण चिखल तुडवत, नावेतून जाण्यायेण्याचा वेळ वाढतो. एका चाकरीच्या दिवसातले तास प्रवासात किती, मोजणीत किती, कागद भरण्यात किती, याची नोंद त्यांनी ठेवली आणि दिलेल्या पैशांत कमीत कमी चूक कशी होईल याचे सूत्र बसवले. १९४४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात यावरचा त्यांचा मोठा निबंध आला. दुसऱ्या वर्षी ते त्या सोसायटीचे सदस्य झाले.

त्यांची खरी प्रतिभा मात्र दुसऱ्याच एका युक्तीत दिसते. प्रमाण त्रुटीचे सूत्र फक्त योगायोगाची चूक पकडते. नोंद घेणारा झाडाखाली बसून कागद भरत असेल, किंवा ताग आणि मेस्ता यांत घोळ करत असेल, तर सूत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. कागदावर पट्टा अगदी नेटका दिसतो. महालनोबीसनी नमुन्याचे दोन भाग केले. दोन्ही भाग त्याच प्रदेशात एकमेकांत विणलेले, प्रत्येक भाग अख्ख्या प्रदेशाचा स्वतंत्र अंदाज देणारा. आणि दोन वेगळ्या तुकड्यांनी, एकमेकींना न विचारता, आपापला भाग मोजायचा. एका तुकडीचा आकडा १०० आला, दुसरीचा १०८, तर सरासरी १०४ आणि फरकाचा निम्मा, म्हणजे ४, ही प्रमाण त्रुटी. किचकट गणिताची गरज नाही, मंत्र्यालाही समजते. फरक अवाच्या सवा आला तर कुठल्या तरी तुकडीने घोळ केला आहे हे लगेच उघडे पडते. माणसाच्या चुकीवर पहारा ठेवण्याची इतकी स्वस्त सोय सांख्यिकीत दुसरी नाही.

१९४१ मध्ये परीक्षेची वेळ आली. त्या वर्षी बंगालच्या तागाचे दोन स्वतंत्र हिशेब झाले: एक सरकारी माणसे लावून तुकड्या-तुकड्याने केलेली पूर्ण मोजणी, दुसरा महालनोबीसांची नमुना पाहणी. पूर्ण मोजणी म्हणाली, ६३ लाख ४ हजार गाठी. नमुना म्हणाला, ७५ लाख ४० हजार. तिढा सोडवणारा तिसरा आकडा सुदैवाने तागाबाबत मिळत असे, कारण ताग घरात खाल्ला जात नाही. तो गिरणीत जातो किंवा जहाजावर चढतो. व्यापार आणि जकातीच्या नोंदी जुळवल्यावर बेरीज निघाली ७५ लाख ६२ हजार गाठी. सगळे मोजणारे सोळा-सतरा टक्क्यांनी चुकले होते आणि थोडे मोजणारे जवळजवळ नेमके निघाले. यात नशिबाचाही वाटा होता हे मान्य करायला हवे. कोणतीही नमुना पाहणी दर खेपेला इतकी जवळ जात नाही. पण पूर्ण मोजणीतली तूट नशिबाची नव्हती. हजारो तात्पुरत्या माणसांवर देखरेख करता येत नाही, आणि काहीशे प्रशिक्षित माणसांवर करता येते, एवढाच त्याचा अर्थ. दोन वर्षांनी बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मेली. त्यानंतर शेकडो गावांतल्या कुटुंबांची नमुना पाहणी करून कोणाची जमीन गेली, कोण भूमिहीन झाले, याचा लेखाजोखा संस्थेनेच मांडला.

तोवर सुखात्मे परतले होते. १९४० पासून दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत ते सांख्यिकीचे काम पाहू लागले. त्यांच्यापुढे प्रश्न तागाचा नव्हता, गव्हाचा आणि भाताचा होता, आणि प्रदेश बहुतेक असा की जिथे तलाठी-पटवारी होते. क्षेत्र त्यांच्या दप्तरात मिळे. हवे होते ते एकरी उत्पन्न. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेतले विनायक गोविंद पानसे त्यांचे जोडीदार झाले. आजही शेतकी महाविद्यालयांत ज्यांचे नाव जोडीने घेतले जाते, ते हेच पानसे-सुखात्मे. त्यांची पद्धत अशी: तालुक्यातून यादृच्छिकपणे गावे, गावातून शेते, शेतातून एक तुकडा निवडायचा, तो मोजून आखायचा, शेतकऱ्यासमोर कापायचा, मळायचा, वजन करायचे. आणि हे सगळे महसूल व शेतकी खात्याच्या नेहमीच्या माणसांनी करायचे. वेगळी फौज नको.

महालनोबीसांना हे पसंत नव्हते. त्यांची कापणीची तऱ्हा वेगळी: पेटीतून नेता येईल असे साधन, मध्ये खुंटी, चार फूट त्रिज्येचे वर्तुळ, स्वतःच्या पगारावरची माणसे. लहान तुकडा असेल तर एक माणूस दिवसात पुष्कळ शेते उरकतो; आणि उत्पन्नातला खरा चढउतार एका शेतात कमी, शेताशेतांत जास्त असल्यामुळे गणितही लहान आणि पुष्कळ तुकड्यांच्याच बाजूचे आहे. हबॅक याच मार्गाने गेले होते.

सुखात्म्यांनी हे गणित खोडले नाही. त्यांनी कोयता कुठे चालतो ते पाहिले. १९४४-४५ च्या रब्बीत संयुक्त प्रांतातल्या मुरादाबाद जिल्ह्यात त्यांनी गव्हावर प्रयोग लावला. त्याच शेतांत वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापले: ३३ फूट बाय साडेसोळा फूट म्हणजे बरोबर एकराच्या ऐंशीव्या हिस्स्याएवढा आयत, लहान-मोठे त्रिकोण, तीन फूट आणि दोन फूट त्रिज्येची वर्तुळे. सगळ्यांची सरासरी सारखी यायला हवी होती. आली नाही. तुकडा जितका लहान, तितके एकरी उत्पन्न जास्त, आणि दोन फुटी वर्तुळाने तर सर्वांवर कडी केली. नंतर मद्रास इलाख्यात कृष्णा जिल्ह्यातल्या भातावरही असाच प्रयोग झाला. १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात सुखात्म्यांनी निष्कर्ष छापला: लहान तुकडे उत्पन्न फुगवतात.

कारण शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागणार नाही. दोरीवर आलेले ताट आत धरायचे की बाहेर? कापणारा बहुधा आत धरतो. भरलेली ओंबी सोडवत नाही. दोन फुटी वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस फूट आणि परीघही साडेबारा फूट. म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागे एक फूट कड. चार फुटी वर्तुळात हे प्रमाण निम्मे होते. ३३ बाय साडेसोळाच्या आयतात क्षेत्रफळ सुमारे ५४५ चौरस फूट आणि कड ९९ फूट, म्हणजे चौरस फुटामागे जेमतेम दोन इंच. लहान तुकड्यात काठावरची ताटेच राज्य करतात.

या चुकीची जात वेगळी आहे. योगायोगाची चूक कधी वर जाते, कधी खाली. नमुने वाढवले की ती एकमेकांत विरते. काठाची चूक दर वेळी वरच जाते. दहा हजार वर्तुळे कापली तरी ती तशीच राहते, उलट प्रमाण त्रुटीचा पट्टा अरुंद होत जातो आणि आपण चुकीच्या आकड्याबद्दल अधिकाधिक निर्धास्त होत जातो.

महालनोबीसांनी त्याच वर्षी ‘संख्या’ या आपल्या नियतकालिकात उत्तर दिले. चार फुटी वर्तुळापर्यंत ही फुगवट जवळजवळ मावळते असे त्यांचे आकडे सांगत होते. दोष आकाराचा कमी आणि अशिक्षित हातांचा जास्त, असे त्यांचे म्हणणे. आणि त्यांचा उलटा प्रश्न तितकाच रोकडा होता: ज्या पटवाऱ्याने आणेवारी बिघडवली, त्याच्याच हातात तुम्ही तराजू देणार? सारा गोळा करणाऱ्या माणसाला पीक किती आले यात स्वारस्य नाही का? सुखात्म्यांची बाजू अशी की एवढ्या मोठ्या देशात पिकांसाठी स्वतंत्र फौज उभी करणे परवडणार नाही, आणि सरकारी यंत्रणेला सोडून काढलेला आकडा सरकार वापरणारही नाही. कामाला वेळ जास्त लागतो हा आक्षेप त्यांनी मनावर घेतला नाही. मोठा तुकडा शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर कापला तर त्याचाही आकड्यावर विश्वास बसतो.

या वादात कोण बरोबर? तुकड्याच्या मापाबाबत सुखात्मे, यात शंका नको. मुरादाबादचा प्रयोग निर्णायक आहे आणि देशातल्या पीक कापणीने पुढे मोठ्या तुकड्याचीच वाट धरली. पण माणसावर विश्वास किती टाकावा याबाबत महालनोबीसांचा संशय खरा होता, आणि दोन स्वतंत्र तुकड्यांची त्यांची युक्ती पीक कापणीत रुजली नाही, हे नुकसानच झाले.

मधल्या काळात आकड्यांनी फाळणीही पाहिली. १९४७ साली दिल्लीच्या लाल किल्ल्यात निर्वासितांची सोय केली होती. किती माणसे आत आहेत ते कोणालाच माहीत नव्हते, आणि जेवण पुरवणारे कंत्राटदार बिले लावत होते. सांख्यिकांना आत जाता येत नव्हते. मग जे. एम. सेनगुप्ता या सांख्यिकाने बिलांवरच काम भागवले. तांदूळ, डाळ आणि मीठ यांचा माणशी वापर ठाऊक होता. प्रत्येकावरून माणसांची संख्या काढली. तांदळाने संख्या सर्वांत जास्त दाखवली, मिठाने सर्वांत कमी. मीठ इतके स्वस्त की त्यात खोटे लिहून कोणाचे पोट भरणार नव्हते. म्हणून मिठाचा आकडा धरला. सांख्यिक सी. आर. राव यांनी पुढे ही हकीकत आवडीने सांगितली. ज्या नोंदीत कोणाचा स्वार्थ नाही ती धरा, हा नियम आणेवारीच्या काळात कोणाला सुचला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर नेहरूंना देशाचे उत्पन्न, लोकांचा खर्च, रोजगार, सगळ्याचेच आकडे हवे होते. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबीस अध्यक्ष, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य. गाडगिळांना नमुना पाहणी नवी नव्हती. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी त्यांच्या संस्थेने तीसच्या दशकातच केली होती. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली. पहिल्या फेरीत, ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१, देशातल्या साडेपाच लाखांहून अधिक खेड्यांतून १८३३ गावे निवडली गेली. तिजोरीच्या किल्ल्या चिंतामणराव देशमुखांकडे होत्या. महाडजवळच्या नाते गावचे हे अर्थमंत्री १९४५ पासून सांख्यिकी संस्थेचेही अध्यक्ष होते. पाहणीला पैसा कमी पडला नाही याचे हे एक कारण. पाहणी करणाऱ्यांना कुठे मण, कुठे पायली, कुठे बिघा, कुठे एकर अशी मापे जुळवत फिरावे लागले. विणलेल्या दोन उपनमुन्यांची पद्धत इथे मात्र टिकली. सुरुवातीच्या अहवालांत पहिल्या उपनमुन्याचा आकडा, दुसऱ्याचा आकडा आणि एकत्रित आकडा असे तिन्ही छापत. वाचकाला फरक स्वतःच दिसे. लपवायचे काही नव्हते.

जुने भांडण मात्र नव्या रूपात देशाच्या डोक्यावर बसले. राष्ट्रीय नमुना पाहणीने धान्याचे उत्पन्नही मोजायला घेतले, वर्तुळे कापून. शेतकी खाते पानसे-सुखात्मे पद्धतीने मोजत होतेच. पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत एकाच देशाच्या धान्याचे दोन अधिकृत आकडे निघू लागले, आणि पाहणीचा आकडा खात्याच्या आकड्यापेक्षा जास्त असे. अमेरिकेतून गहू किती आणायचा हे ठरवताना कोणता आकडा धरायचा? अखेरीस खात्याचा आकडा कायम राहिला आणि पाहणीने पीकमोजणी सोडली. सुखात्मे तोवर दूर होते. १९५१ पासून रोमच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभाग सांभाळून १९७० नंतर ते पुण्यात परतले. मग माणसाला उष्मांक किती लागतात आणि त्यात दिवसागणिक किती चढउतार होतो, यावर त्यांनी दुसरा वाद उभा केला. त्या वादात त्यांच्यासमोर पुण्याचेच अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

पीक कापणी प्रयोग आजही महाराष्ट्राच्या शिवारात दर हंगामात होतात. आणेवारीची पैसेवारी झाली, नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम असे तिचे टप्पे आले. पीक विम्याने तर कापणी प्रयोगाच्या आकड्याला थेट पैशाशी जोडले. महसूल मंडळातले सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे भरपाईसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या, किती टक्के खाली गेले, त्या प्रमाणात भरपाई. मंडळाची सरासरी काढायला मुख्य पिकाचे किमान दहा प्रयोग. आता वरचाच हिशेब इथे करून पाहता येतो. शेताशेतांतला चढउतार सरासरीच्या ४० टक्के धरला, कोरडवाहू सोयाबीनला हे काही जास्त नाही, तर दहा प्रयोगांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी तेरा टक्क्यांच्या आसपास येते आणि पट्टा वर-खाली पंचवीस टक्क्यांहून रुंद होतो. उंबरठ्याच्या पाच टक्के वर आलेले मंडळ आणि पाच टक्के खाली आलेले मंडळ यांत फरक आहे असे दहा तुकड्यांवरून सांगता येत नाही. पण भरपाईच्या सूत्रात एका मंडळाला शून्य मिळते आणि दुसऱ्याला पैसे.

विम्याच्या या सूत्रात प्रमाण त्रुटीला रकाना नाही. तो रकाना ठेवायला नवे शास्त्र लागत नाही. दहा प्रयोगांची दहा वजने तलाठ्याच्या आणि कृषी सहायकाच्या कागदावर आधीच लिहिलेली असतात. मंडळाचा आकडा जाहीर होईल तेव्हा शेतकऱ्यांनी, त्यांच्या संघटनांनी आणि आमदारांनी ती दहाही वजने मागून घ्यावीत आणि सरासरीशेजारी तिची चूक छापून घ्यावी.